देशात खेळायला लीगच नव्हती! साडेपाच फुटी पॉइंट गार्ड डॉन स्टेलीची सुरुवातीची अकरा वर्षं

बास्केटबॉल म्हटलं की डोळ्यापुढं ताडमाड उंच माणसं येतात. रिंग जमिनीपासून दहा फुटांवर असते. उंच माणसानं हात वर केला की निम्मं काम झालं, मग बुटक्याचं तिथं काय काम, असं वाटणं साहजिक आहे. पण या खेळात एक जागा अशी आहे की तिथं उंचीपेक्षा नजर आणि डोकं जास्त लागतं. त्या जागेला पॉइंट गार्ड म्हणतात.

अमेरिकेची डॉन स्टेली ही याच जागेवर खेळून मोठी झाली. उंची साडेपाच फूट, म्हणजे आपल्या गावातल्या चारचौघांएवढीच. आज जग तिला कोच म्हणून ओळखतं. साउथ कॅरोलायना विद्यापीठाच्या मुलींच्या संघाला तिनं २०१७, २०२२ आणि २०२४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. पण आज आपण बघणार आहोत ती त्याच्या कितीतरी आधीची, १९८८ ते १९९९ पर्यंतची वर्षं. शाळेत असताना देशात पहिली, कॉलेजात देशात पहिली, आणि पदवी हातात पडली तेव्हा पुढं खेळायचं कुठं, याचं उत्तरच नाही. असं का झालं आणि त्यातून ती कशी बाहेर पडली, ते नीट समजून घेऊ.

आधी बघू, पॉइंट गार्ड करतो काय?

बास्केटबॉलमध्ये एका बाजूनं पाच खेळाडू मैदानात असतात. चेंडू हातात धरून पळता येत नाही, जमिनीवर आपटत न्यावा लागतो. त्याला ड्रिबल म्हणतात. शिवाय ठराविक सेकंदांच्या आत चेंडू रिंगकडं मारावाच लागतो, नाहीतर तो समोरच्या संघाला जातो.

पॉइंट गार्ड चेंडू घेऊन पुढं येतो आणि कोणाला द्यायचा, कधी द्यायचा, डावीकडून चढाई करायची की उजवीकडून, हे ठरवतो. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर हा दारं धरणारा गडी. मोटर कोणीही चालू करतो, पण पाणी कोणत्या वाफ्यात सोडायचं, कोणता वाफा भरत आला, कुठं बारं मोडायचं, हे दारं धरणाऱ्याला कळावं लागतं. तो चुकला तर एक वाफा तुंबतो आणि दुसरा कोरडा राहतो.

म्हणून पॉइंट गार्डचा हिशोब नुसत्या गुणांवर होत नाही. त्याच्या पासवर दुसऱ्यानं लगेच गुण केला तर पॉइंट गार्डच्या नावावर 'असिस्ट' लागतो. समोरच्याच्या हातातला चेंडू काढून घेतला तर 'स्टील' लागतो. हे दोन शब्द लक्षात ठेवा, पुढं लागतील.

वसाहतीतलं मैदान

डॉनचा जन्म ४ मे १९७० चा, फिलाडेल्फिया शहरातला. शहराच्या उत्तर भागात रेमंड रोझेन नावाची सरकारी वसाहत होती. कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी बांधलेली घरं. तिथं ती वाढली. पाच भावंडांत सगळ्यात धाकटी. आई एस्टेल लोकांच्या घरी साफसफाईची कामं करायची.

वसाहतीच्या मैदानात मुलं खेळायची आणि डॉन त्यांच्यातच खेळली. आता विचार करा, आपल्यापेक्षा उंच आणि ताकदीची मुलं समोर असतील तर बुटकी पोरगी काय करणार? त्यांच्या डोक्यावरून चेंडू मारायला गेली तर तो अडवला जाणार. म्हणजे तिला चेंडू जमिनीलगत, वेगानं न्यावा लागणार. वाट दिसायच्या आधी ओळखावी लागणार. आणि स्वतःला जागा नसेल तर ज्याला आहे त्याच्याकडं चेंडू पोहोचवावा लागणार. पॉइंट गार्डचं सगळं शिक्षण यातच आलं. त्याला ना फी लागली, ना कॅम्प.

पुढं मरेल डॉबिन्स या सरकारी तांत्रिक शाळेत ती खेळली आणि शाळेनं शहराच्या सरकारी शाळांची स्पर्धा ओळीनं तीन वेळा जिंकली. १९८८ मध्ये 'यूएसए टुडे' या वर्तमानपत्रानं तिला देशातली वर्षाची सर्वोत्तम शालेय खेळाडू ठरवलं.

एका कायद्यानं उघडलेलं दार

साफसफाईची कामं करणाऱ्या बाईची मुलगी नामांकित विद्यापीठात कशी पोहोचली? गुणवत्ता तर होतीच, पण त्याला एका कायद्याची जोड होती.

१९७२ मध्ये अमेरिकेत 'टायटल नाइन' नावाची तरतूद झाली. ज्या शिक्षणसंस्थेला केंद्र सरकारचा पैसा मिळतो, तिथं मुलगा-मुलगी असा भेद करता येणार नाही, असा त्याचा अर्थ. ही तरतूद खेळालाही लागू झाली. मुलांना खेळाची शिष्यवृत्ती देता, तर मुलींनाही संधी द्या. हळूहळू कॉलेजात मुलींचे संघ वाढले, कोच आले, शिष्यवृत्त्या आल्या. १९८२ पासून मुलींची राष्ट्रीय आंतरविद्यापीठ स्पर्धा एनसीएएच्या छत्राखाली सुरू झाली.

कायदा झाला तेव्हा डॉन दोन वर्षांची होती. ती अठरा वर्षांची झाली तोवर वाट मळलेली होती. व्हर्जिनिया विद्यापीठानं तिला घेतलं. तिथं डेबी रायन या कोच होत्या.

कॉलेजची चार वर्षं: सगळं मिळालं, कप सोडून

व्हर्जिनियाकडून चार वर्षांत डॉनच्या नावावर २,१३५ गुण, ७२९ असिस्ट आणि ४५४ स्टील लागले. स्टीलचा तो आकडा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम होता. १९९१ आणि १९९२ अशी सलग दोन वर्षं ती देशातली सर्वोत्तम कॉलेज खेळाडू ठरली.

राष्ट्रीय स्पर्धेत शेवटचे चार संघ उरतात त्याला 'फायनल फोर' म्हणतात. डॉनचा संघ तिथं १९९०, १९९१ आणि १९९२ असा सलग तीन वेळा पोहोचला. पण कप एकदाही आला नाही. १९९० मध्ये उपांत्य सामन्यात स्टॅनफोर्डनं हरवलं. १९९१ मध्ये अंतिम सामना टेनेसीशी झाला. वेळ संपली तेव्हा बरोबरी, मग जादा वेळ, आणि ७०-६७ असा पराभव. त्या सामन्यात डॉनचे २८ गुण होते आणि फायनल फोरमधली सर्वोत्तम खेळाडू म्हणून तिचीच निवड झाली. हरलेल्या संघातल्या खेळाडूला हा मान क्वचितच मिळतो. १९९२ मध्ये परत स्टॅनफोर्ड समोर आलं आणि ६६-६५, एका गुणानं संघ गेला.

स्टॅनफोर्डच्या कोच होत्या तारा व्हॅनडरव्हीर. हे नाव पुढं परत येणार आहे.

१९९२: दोन्ही दारं बंद

त्याच वर्षी पदवी मिळाली. मुलगा असता तर या घडीला एनबीएच्या संघांची रांग लागली असती. पुरुषांची ही लीग १९४६ पासून चालू आहे. बायकांसाठी मात्र अमेरिकेत तेव्हा टिकून राहिलेली एकही व्यावसायिक लीग नव्हती. १९७८ मध्ये एक निघाली होती, ती तीन हंगामांत बंद पडली.

दुसरं दार ऑलिंपिकचं. १९९२ ला बार्सिलोना ऑलिंपिक होतं. डॉन निवड चाचणीला गेली आणि संघात तिला घेतलं नाही. कारणं दोन सांगितली जातात: आंतरराष्ट्रीय सामन्यांचा अनुभव कमी आणि उंची कमी.

उंचीचं कोणाच्याच हातात नसतं. अनुभवाचं मात्र होतं, आणि तो घ्यायला देशाबाहेर जावं लागणार होतं.

परदेशातली मजुरी

मजुरीच म्हणायची, कारण पोटासाठी मुलूख सोडून जायचं होतं. युरोपात आणि दक्षिण अमेरिकेत बायकांचे पगारी क्लब होते. पुढच्या काही वर्षांत डॉन फ्रान्स, इटली, स्पेन आणि ब्राझील इथं खेळली. पॉइंट गार्डचं काम म्हणजे मैदानात सतत बोलणं, ओरडून जागा सांगणं. भाषा वेगळी, जेवण वेगळं, घरच्यांनी सामना बघायची सोय नाही. तिच्या आधीच्या आणि बरोबरीच्या कितीतरी अमेरिकन मुलींनी हाच रस्ता धरला होता. ज्यांना ते जमलं नाही त्यांचा खेळ कॉलेजबरोबरच संपला.

डॉनला त्याचा उपयोग झाला. नाकारताना ज्या अनुभवाची कमी दाखवली होती, तोच गाठीला आला. १९९४ च्या विश्वचषकात ती अमेरिकेच्या संघात होती. त्या वर्षी देशाच्या बास्केटबॉल महासंघानं तिला वर्षाची सर्वोत्तम महिला खेळाडू निवडलं.

साठ सामने, साठ विजय

आता अमेरिकेच्या महासंघालाही घाई झाली होती. १९८४ आणि १९८८ ला सुवर्ण जिंकणाऱ्या महिला संघाला १९९२ च्या ऑलिंपिकमध्ये ब्राँझ मिळालं आणि १९९४ च्या विश्वचषकातही ब्राँझच. ऑलिंपिकच्या तोंडावर मुली गोळा करायच्या आणि महिनाभरात संघ उभा करायचा, हे चालेनासं झालं. पुढचं ऑलिंपिक तर घरातच होतं, १९९६ ला अटलांटात.

म्हणून १९९५ मध्ये निवडक मुलींना सुमारे वर्षभरासाठी पगारावर एकत्र ठेवलं. वर्षाला ५० हजार डॉलर. परदेशी क्लबात यापेक्षा जास्त मिळवणाऱ्या मुलीही यात आल्या. कोच नेमल्या त्याच स्टॅनफोर्डच्या तारा व्हॅनडरव्हीर. ज्यांच्या संघानं डॉनला दोनदा रोखलं, त्यांच्याच हाताखाली ती आता खेळू लागली.

हा संघ देशोदेशी फिरला. सरावाचे ५२ सामने खेळला, सगळे जिंकला. मग ऑलिंपिकचे आठ, तेही सगळे. अंतिम सामन्यात ब्राझीलला १११-८७ असं हरवलं, तेव्हा मैदानात जवळपास ३३ हजार प्रेक्षक होते. बायकांचा बास्केटबॉल बघायला कोण येतं, असं म्हणणाऱ्यांना एवढं उत्तर पुरे होतं.

एकदम दोन लीग, आणि त्यातली एक बंद

१९९६ च्या ऑक्टोबरात एबीएल नावाची महिला लीग सुरू झाली आणि १९९७ च्या उन्हाळ्यात एनबीएच्या पाठबळावर डब्ल्यूएनबीए. चार वर्षांपूर्वी एकही लीग नव्हती, आता दोन झाल्या.

डॉन एबीएलमध्ये रिचमंड रेज संघाकडून खेळली. पहिल्याच हंगामात संघ अंतिम मालिकेत गेला आणि कोलंबस क्वेस्टकडून ३-२ असा हरला. पुढच्या हंगामात तो संघच फिलाडेल्फियाला हलवला गेला. फ्रान्स, इटली, स्पेन, ब्राझील फिरून पोरगी पगारी खेळाडू म्हणून आपल्या गावात आली.

पण १९९८ च्या डिसेंबरात, हंगाम अर्ध्यावर असताना एबीएलचं दिवाळं निघालं. सगळ्या खेळाडू एका रात्रीत मोकळ्या झाल्या. १९९२ मध्ये असं झालं असतं तर परत विमानच धरावं लागलं असतं. यावेळी दुसरी लीग उभी होती. १९९९ च्या निवड प्रक्रियेत शार्लट स्टिंग या संघानं तिला नवव्या क्रमांकावर घेतलं. इथं तिच्या कारकिर्दीचा सुरुवातीचा भाग संपतो.

त्यानंतर २००० आणि २००४ ला आणखी दोन ऑलिंपिक सुवर्णं आली. अथेन्सच्या उद्घाटनात अमेरिकेचा झेंडा तिच्या हातात होता. २१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या संघाची कोच तीच होती.

यातून काय घ्यायचं?

'मेहनत केली की फळ मिळतं' एवढंच म्हणून ही गोष्ट बाजूला ठेवली तर अर्धीच समजली असं होईल. १९९२ मध्ये डॉनची मेहनत कमी नव्हती. वरची पायरीच बांधलेली नव्हती. शिष्यवृत्तीची पायरी कायद्यानं बांधली होती म्हणून ती कॉलेजात गेली. वर्षभर पगार देऊन संघ ठेवला म्हणून साठ विजय झाले. दोन लीग होत्या म्हणून एक बुडाली तरी खेळ थांबला नाही.

गावातली मुलगी कबड्डीत, खो-खोत किंवा धावण्यात तालुक्याला पहिली येते तेव्हा आपण हार घालतो, फोटो ग्रुपवर टाकतो. तिथंच न थांबता शाळेला, क्रीडाशिक्षकांना आणि ज्यांच्या हस्ते सत्कार केला त्या पुढाऱ्यांना एक प्रश्न विचारायला हवा: हिची पुढची पायरी कोणती, आणि तिथवर जायचा खर्च कोण करणार? डॉन स्टेलीसारखी चार देश हिंडून वाट काढणारी एखादीच असते. बाकीच्या मुलींना पायरी बांधूनच द्यावी लागते.