अडखळणाऱ्या यंत्राची रोजकीर्द

यंत्र एकदाचे बंद पडले तर उपाय सोपा असतो. कारागीर येतो, मोडलेला भाग बदलतो, पैसे घेऊन जातो. खरा ताप देते ते अधूनमधून अडखळणारे यंत्र. पन्नास प्रती सुरळीत निघतात, एकावन्नाव्या कागदाला ते अडते. झाकण उघडून कागद काढला की पुन्हा शंभर प्रती बिनतक्रार! गेल्या वर्षी जून-जुलैत मी सिल्वासाला काकांच्या झेरॉक्सच्या दुकानात बसत होते, तेथे या दुखण्याशी गाठ पडली. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने यंत्राविषयी लिहावे याचे कोणास नवल वाटेल. पण हा आजार शेवटी हिशेबाच्या वहीनेच पकडला.

सिल्वासा हे दादरा-नगर हवेलीचे मुख्य ठिकाण. (हा प्रदेश २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीवला जोडलेला आहे.) जून म्हणजे प्रवेशाचे दिवस. खानवेलच्या बाजूची माणसे दाखल्यांच्या प्रती काढायला येतात. कचेरीची वेळ संपत आलेली असते, परतीची गाडी गाठायची असते आणि नेमके तेव्हाच यंत्र लाल दिवा दाखवते. वापीहून मेकॅनिक बोलवावा, तर त्याच्यापुढे ते गुणी बाळासारखे चालते. फेरीचे पैसे मात्र द्यावेच लागतात. तिसऱ्या फेरीत तो म्हणाला, "मशीन जुनी झाली." काका हप्त्याने नवे यंत्र घेण्याच्या बेतास आले.

कागद आत कसा जातो हे आधी पाहू. ट्रेमधल्या गठ्ठ्यावर रबरी रोलर टेकतो आणि वरचा कागद पुढे ओढतो. त्याबरोबर खालचा कागद येऊ नये म्हणून समोर एक खरखरीत गादी, किंवा काही यंत्रांत उलट अडवणारा दुसरा रोलर असतो. सारा खेळ तीन घर्षणांचा आहे. रोलर व कागद यांतले घर्षण सर्वांत जास्त हवे, गादी व कागद यांतले त्याहून कमी, आणि कागदा-कागदांतले सर्वांत कमी. ही उतरंड टिकली तर एकच कागद सुटतो. रोलर गुळगुळीत झाला तर कागद उचललाच जात नाही. गादी झिजली किंवा कागद एकमेकांना चिकटले तर दोन-तीन मिळून जातात. पुढे वाटेवर सेन्सर बसवलेले असतात. ठरलेल्या वेळेत कागद तेथे पोचला नाही, की यंत्र थांबते. म्हणजे कागद 'अडकला' असे आपण म्हणतो तेव्हा पुष्कळदा तो अडकलेला नसून नुसता उशिरा आलेला असतो.

कागदाची ही कटकट जुनीच आहे. चेस्टर कार्लसन याने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कमधील ॲस्टोरिया येथे पहिली प्रत काढली ती मेणकागदावर, हातांनी. तेथे रोलर नव्हता, ट्रे नव्हता. साध्या कागदावर आपोआप प्रती काढणारे 'झेरॉक्स ९१४' हे यंत्र बाजारात यायला १९५९ साल उजाडले. त्यात अडकलेला कागद उष्णतेने पेट घेई, म्हणून यंत्राबरोबर आग विझवण्याचे साधन देत असत! आपल्याला निदान तेवढी तरी भीती नाही.

सिल्वासाला वर्षाला २००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. कागद हवेतला ओलावा सहज ओढून घेतो, आणि उघड्या गठ्ठ्याच्या कडा आधी फुगतात; मग त्या लाटेसारख्या दिसू लागतात. मराठीत अशा कागदाला 'सर्दलेला' हा पापडाचाच शब्द लागू पडतो. माझी आई कन्नडमध्ये त्या ओलाव्याला 'तेव' म्हणते. रिमच्या वेष्टनाला ओल अडवणारा थर असतो तो याचसाठी. दुकानदार मात्र ते आधी टरकावून टाकतात. काही यंत्रांत ट्रेखाली लहानसा हीटर असतो. काकांच्या यंत्रात तो नव्हता.

तरीही ओल हेच एकमेव कारण असे मानायला माझे मन घेईना, कारण कोरड्या दुपारीही यंत्र अडत होते. म्हणून मी रोजकीर्द घातली. वेळ, ट्रे, कागद कोठे थांबला, एक होता की दोन, रिम नवी की उघडी, एवढे रकाने. काका हसले. "अगं, यंत्राचा कसला जमाखर्च?" दहा दिवसांत ३१ नोंदी झाल्या. त्यांत सकाळच्या बहुतेक नोंदी दोन-दोन कागदांच्या होत्या. दुपारच्या नोंदींत कागद ट्रेतून हललेलाच नव्हता, आणि तो ट्रे नेहमी खालचा. मग दोन्ही ट्रेंतले कागद आपसांत बदलले. त्या दिवशी दुसरे काहीच बदलायचे नाही असा नेम केला. दुहेरी कागदांचे दुखणे कागदाबरोबर वरच्या ट्रेत गेले. न उचलण्याचे दुखणे जागेवर राहिले. दोन आजार एकमेकांत मिसळले होते, म्हणूनच कोणाला थांग लागत नव्हता.

रात्री उरलेला कागद वेष्टनात घालून लोखंडी कपाटात ठेवू लागलो आणि पहिला आजार जवळजवळ गेला. खालच्या ट्रेचा रोलर ओलसर फडक्याने पुसला. फडके पांढऱ्या भुकटीने माखले. ती कागदाचीच धूळ. दोन दिवस काम झकास चालले, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पुसून तात्पुरता गुण येतो याचाच अर्थ रबर घट्ट व चकचकीत झालेले आहे. रोलर व गादी बदलली. नव्या यंत्राच्या पहिल्या हप्त्याइतकाही खर्च आला नाही.

अडकलेला कागद काढतानाही ध्यान हवे. तो दोन्ही हातांनी, शक्यतो ज्या दिशेने जात होता त्याच दिशेने ओढावा, आणि फाटलाच तर तुकडे जुळवून पाहावेत. आत राहिलेला कपटा सेन्सरपाशी बसून उगाच अडथळा दाखवत राहतो. जुने दाखले किंवा जमिनीचे कागद वरच्या स्वयंचलित फीडरमध्ये तर कधीच घालू नयेत, काचेवरच ठेवावेत. प्रत फाटली तर दुसरी निघते, मूळ कागद दुसरा मिळायला कचेरीत किती खेपा घालाव्या लागतात ते खानवेलच्या माणसाला विचारा.

काकांचे यंत्र अजून चालू आहे. लीगल आकाराचा कागद मात्र त्यात अद्याप तिरका जातो; बाजूची पट्टी सैल आहे, आणि ती वहीत आता काकाच नोंदी करतात.