भाडं दहाच महिन्यांचं धरा!

चिक्कडपल्लीतला जुना फ्लॅट बाबांनी माझ्यावर सोपवला, तेव्हा वाटलं, दरमहा भाडं खात्यात येईल, संपलं! बाथरूमची गळती भाडेकरू काकांनी तीनदा कळवली; मी ‘रविवारी बघतो’ म्हणत राहिलो. त्यांनी घर सोडलं. दोन महिने फ्लॅटला कुलूप. मेंटेनन्स, घरपट्टी मात्र चालूच.

आयकरात घरपट्टी वजा जाता उरलेल्या भाड्यावर 30 टक्के सरसकट वजावट मिळते. दुरुस्तीला जास्त लागले तरी तेवढीच. म्हणून आता एक भाडं दुरुस्तीसाठी बाजूला ठेवतो आणि प्लंबरचा नंबर भाडेकरूला आधीच देतो.

कर्ज काढून फ्लॅट भाड्याने द्यायचा विचार असेल, तर लक्षात ठेवा: हप्ता बारा महिने असतो, भाडं असेलच असं नाही.