कचेरी कोणाच्या घराजवळ?

१९९६ साली मी एका खासगी कंपनीत हिशेब लिहीत होतो. त्या वर्षी आमची कचेरी फोर्टातून अंधेरीला हलली. डोंबिवली-कल्याणहून येणाऱ्या आम्हा दहा-बारा जणांच्या नशिबी दादरचा पूल आला: मध्य रेल्वेतून उतरायचे, गर्दीतून पूल ओलांडायचा आणि पश्चिम रेल्वेची गाडी धरायची. आमच्या विभागातल्या दोघींनी सहा महिन्यांच्या आत नोकरी सोडली, कारण त्यांच्या मुलांचे पाळणाघर संध्याकाळी सातला बंद होई. कचेरी का हलवली, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, 'तिकडे भाडे कमी आहे.' ते खोटे नव्हते. मात्र आमचे संचालक जुहूला राहत, हेही खरे होते.

तेव्हापासून कचेऱ्या कुठून कुठे जातात आणि का जातात, हे वाचण्याचा आणि टिपून ठेवण्याचा नाद मला लागला. त्या टिपणांतले सर्वात बोलके प्रकरण आपल्याकडचे नाही, अमेरिकेतले आहे. स्टॅमफर्ड नावाचे गाव आणि यूबीएस ही स्विस बँक, अशी त्यातली दोन पात्रे. तिसरे पात्र म्हणजे न्यूयॉर्क.

स्टॅमफर्ड कनेक्टिकट राज्यात, मॅनहॅटनपासून सुमारे ५५ किलोमीटरवर आहे. जलद गाडीने ग्रँड सेंट्रल स्थानकातून तिथे पोहोचायला तासाच्या आतबाहेर वेळ लागतो. गेल्या शतकाच्या साठच्या आणि सत्तरच्या दशकांत न्यूयॉर्कमधल्या मोठ्या कंपन्यांनी अशा उपनगरांची वाट धरली. झेरॉक्सचे मुख्यालय १९६९ मध्ये स्टॅमफर्डला आले. शहरात गुन्हेगारी वाढत होती, १९७५ मध्ये तर न्यूयॉर्क महापालिका दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर उभी होती. शिवाय १९९१ पर्यंत कनेक्टिकटमध्ये पगारावर राज्याचा आयकर नव्हता. कंपन्या सांगत, 'आमच्या कर्मचाऱ्यांना चांगले जीवन मिळावे म्हणून आम्ही हललो.'

विल्यम व्हाइट या अभ्यासकाने हे कारण नकाशावर तपासून पाहिले. शहरांवरच्या १९८८ च्या आपल्या पुस्तकात त्याने न्यूयॉर्क सोडणाऱ्या ३८ कंपन्यांचा हिशेब मांडला. त्यांतल्या ३१ कंपन्यांची नवी जागा कंपनीच्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या घराजवळ निघाली, सरासरी अंतर सुमारे आठ मैल. हे वाचले तेव्हा मला जुहू आठवले आणि हसू आले.

यूबीएसची गोष्ट त्यानंतरची. १९९४ मध्ये स्विस बँक कॉर्पोरेशनने मॅनहॅटन सोडून स्टॅमफर्डला जायचे ठरवले. राज्याने १० कोटी डॉलरहून अधिक करसवलती देऊ केल्या. रेल्वे स्थानकाजवळ, वॉशिंग्टन बुलेव्हार्डवर इमारत उभी राहिली, आणि १९९८ मध्ये ही बँक यूबीएसमध्ये विलीन झाली. या इमारतीचे वैभव म्हणजे तिचे ट्रेडिंग फ्लोअर, म्हणजे रोखे, समभाग आणि चलनांचे सौदे करणाऱ्यांचे दालन. विस्तार झाल्यावर ते एक लाख चौरस फुटांच्या पुढे गेले. मध्ये एकही खांब नाही. जगातले सर्वात मोठे ट्रेडिंग फ्लोअर म्हणून त्याची ख्याती झाली. मॅनहॅटनच्या अरुंद, उंच इमारतींत असे दालन मिळणे कठीण होते. शेकडो माणसांनी एकमेकांना पाहत, ओरडत सौदे करण्याच्या त्या काळात बँकेला जागा हवी होती, आणि उपनगराकडे ती होती.

मग जून २०११ मध्ये बातमी आली की यूबीएस परत मॅनहॅटनला जाण्याच्या विचारात आहे. वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या परिसरात उभ्या राहणाऱ्या नव्या मनोऱ्याचे नाव घेतले जात होते. कारण भाड्याचे नव्हते. बँकेला हवी असलेली पंचविशीतली हुशार मुले स्टॅमफर्डला यायला नाखूश होती. त्यांना मॅनहॅटनमध्ये किंवा ब्रुकलिनमध्ये राहायचे होते. अनेक जण रोज सकाळी उलट दिशेच्या गाडीने शहरातून उपनगरात कामाला जात आणि रात्री परतत. न्यूयॉर्क आता सत्तरच्या दशकातले राहिले नव्हते.

व्हाइटचा नियम मोडला असे वरवर वाटते. मला वाटते तो मोडला नाही, त्यातला माणूस बदलला. जो सोडून जाईल अशी कंपनीला भीती असते, त्याच्या घराकडे कचेरी सरकते. सत्तरच्या दशकात तो सर्वोच्च अधिकारी होता. २०११ मध्ये तो दोन बँकांकडून बोलावणे असलेला तरुण होता. कँटीनमध्ये वाढणारी बाई, रात्रीचा रखवालदार, हिशेब तपासणारा चाळिशीतला गृहस्थ हे या गणितात तेव्हाही नव्हते आणि आताही नव्हते.

स्टॅमफर्डच्या दृष्टीने धोका केवढा होता, हे समजायला तिथली करपद्धती थोडी पाहावी लागते. कनेक्टिकटमधल्या नगरपालिका मुख्यतः मालमत्ता करावर चालतात. जमीन आणि इमारतच नव्हे, तर कंपनीच्या टेबल-खुर्च्या आणि संगणकही त्या करात मोडतात. शाळांचा मोठा खर्च त्यातून निघतो. आयकराचे दुखणे वेगळे. माणूस राहतो कनेक्टिकटमध्ये आणि काम करतो न्यूयॉर्कमध्ये, तर त्या कमाईवर न्यूयॉर्क राज्य आधी कर घेते आणि कनेक्टिकटला तेवढी वजावट द्यावी लागते. म्हणजे बँक मॅनहॅटनला गेली आणि सगळे कर्मचारी आपापल्या घरीच राहिले, तरीही कनेक्टिकटची तिजोरी हलकी होणार. माणसे तीच, घरे तीच, फक्त कामाचे टेबल ५५ किलोमीटर सरकले की कर दुसऱ्या राज्यात जातो.

तेव्हाचे राज्यपाल डॅनल मलॉय हे त्याआधी चौदा वर्षे स्टॅमफर्डचेच महापौर होते. त्यांना हे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. ऑगस्ट २०११ मध्ये करार झाला. राज्याने बँकेला दोन कोटी डॉलरचे कर्ज दिले, अटी पाळल्यास माफ होणारे. मुख्य अट अशी की पाच वर्षे स्टॅमफर्डमध्ये किमान २,००० नोकऱ्या राहिल्या पाहिजेत. वर्तमानपत्रांनी लिहिले, बँक राहिली.

माझ्या मते या प्रकरणाची सगळी मेख त्या २,००० च्या आकड्यात आहे. करार झाला तेव्हा तिथे तीन हजारांहून अधिक माणसे काम करत होती. सरकारने पैसे मोजून जे विकत घेतले, त्यातच हजारभर नोकऱ्या कमी करण्याची मुभा होती. मलॉय यांना मी दोष देत नाही. त्यांच्या हातात दुसरे काय होते? पण 'बँक राहिली' आणि 'काम राहिले' ही दोन वाक्ये एकच नव्हेत, हे त्या दिवशी कोणी मोठ्याने म्हटले असते तर बरे झाले असते.

पुढे तेच घडले. ऑक्टोबर २०१२ मध्ये यूबीएसने जगभरात दहा हजार नोकऱ्या कमी करण्याची घोषणा केली आणि रोख्यांच्या व्यवहारातून बरेचसे अंग काढून घेतले. सौदे संगणकावर जात होतेच, त्यामुळे भव्य दालनातल्या खुर्च्या रिकाम्या होत गेल्या. २०१३ मध्ये बँकेने टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलला सेवाकेंद्र जाहीर केले. आज तिचे बरेच काम पुण्यातही चालते, आणि ते करणाऱ्यांत मराठी मुले-मुली आहेत. सगळे जण मॅनहॅटनकडे डोळे लावून बसले होते आणि काम मात्र भलत्याच दिशांना पांगत होते. कचेरी जागच्या जागी ठेवूनही काम हलवता येते. कराराला ते अडवता येत नाही.

कराराची पाच वर्षे संपली त्याच वर्षी, २०१६ मध्ये, यूबीएस मॅनहॅटनला न जाता रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीत गेली. ती इमारत रॉयल बँक ऑफ स्कॉटलंडने, तीही सरकारी सवलती घेऊनच, बांधलेली होती, आणि त्या बँकेचाही पसारा आटला होता. यूबीएसची जुनी वास्तू काही वर्षे रिकामी राहिली. २०२३ मध्ये तिथे डब्ल्यूडब्ल्यूई ही कुस्तीचे खेळ करणारी कंपनी राहायला आली.

तरी स्टॅमफर्ड बुडाले नाही. स्थानकाच्या दक्षिणेला, जुन्या कारखान्यांच्या जागी हार्बर पॉइंट नावाची वस्ती उभी राहिली, हजारो सदनिकांची, चालत स्थानक गाठता येईल अशी. जे तरुण मॅनहॅटन सोडायला तयार नव्हते, तशा तरुणांना राहावेसे वाटेल असे गाव करण्याचा तो प्रयत्न होता. २०२० च्या जनगणनेत १,३५,४७० लोकसंख्येसह स्टॅमफर्ड न्यू हेवनला मागे टाकून राज्यातले दुसऱ्या क्रमांकाचे शहर झाले. बँकेला धरून ठेवण्यापेक्षा माणसांना राहायला जागा देणे त्या गावाला अधिक मानवले, असे म्हणता येईल.

इथे आपल्या वांद्रे-कुर्ला संकुलाची आठवण येते. दक्षिण मुंबईवरचा ताण कमी व्हावा म्हणून १९७७ मध्ये एमएमआरडीएकडे त्याच्या नियोजनाचे काम आले. राष्ट्रीय शेअर बाजार आला, सेबी आली, बँका आल्या. पण तिथल्या कारकुनाला परवडेल असे घर त्या कचेऱ्यांच्या आसपास आले नाही. तो अजून कुर्ल्याला उतरून रिक्षाच्या रांगेत उभा राहतो.

म्हणून एखादी मोठी कंपनी येणार किंवा जाणार, अशी बातमी आली की मी आता तीन गोष्टी शोधतो. कंपनीला नेमके कोणाला सांभाळायचे आहे? करारात इमारत लिहिली आहे की नोकऱ्या, आणि नोकऱ्या असतील तर आज असलेल्यांपेक्षा किती कमी? आणि ज्यांच्यावाचून कंपनीचे अडत नाही, त्यांचा प्रवास किती वाढणार? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कागदपत्रांत सापडतात. तिसऱ्याचे उत्तर मला अजून कोणत्याही करारात सापडलेले नाही. आमच्या विभागातल्या त्या दोघींनाही ते कोणी विचारले नव्हते.