ऐकू येते, पण कळत नाही

म्हातारपण म्हटले की पांढरे केस, काठी आणि चष्मा आपल्या डोळ्यांपुढे येतात. कानांचा विचार सहसा कोणी करीत नाही. मीही केला नव्हता.

एकदा मी स्वयंपाकघरातून हाक मारली, "आजोबा, पान वाढलंय." आजोबा बाहेर येऊन म्हणाले, "कान? काय झालं कानाला?" आम्ही सगळे हसलो. आजोबाही हसले, पण जरा उशिरा. पुढे पुढे ते आमच्या गप्पांत बसेनासे झाले. विचारावे एक तर उत्तर भलतेच देत. आजोबांना आता काही लक्षात राहत नाही, असे घरात ठरूनच गेले. मी मोठ्याने बोलले तर ते चिडत, "ओरडतेस कशाला? मी बहिरा नाही." आम्ही याला हेकटपणा समजलो. ते खरे तेच सांगत होते, हे मला याविषयी वाचू लागल्यावर कळले.

आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखी वेटोळी नळी असते. तिच्यात सुमारे १५,००० केशपेशी असतात. नळीच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच पट्टीचे ध्वनी टिपतात, आतल्या टोकाच्या पेशी खालच्या पट्टीचे. वयाबरोबर तोंडाजवळच्या पेशी आधी निकामी होतात आणि माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत. बोलण्यातील स्वरांचा जोर मुख्यतः खालच्या पट्टीत असतो; प, त, क, स ही व्यंजने वेगळी ओळखू येतात ती बरीचशी वरच्या पट्टीतील ध्वनींमुळे. म्हणजे 'पान'मधला 'आ' आजोबांपर्यंत पोहोचला, 'प' वाटेतच राहिला. ती जागा त्यांनी अंदाजाने भरली. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजने तितकी स्पष्ट होत नाहीत. शिवाय अशा कानाला हळू आवाज ऐकू आला नाही, तरी मोठा आवाज बोचतो.

थोर संगीतकार बीथोव्हेन याने १८०१ साली, ऐन तिशीत, वेगेलर या डॉक्टर मित्राला पत्रातून हेच दुःख कळविले होते. हळू बोलणाऱ्याचा आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, आणि कोणी ओरडले तर सोसवत नाही, असे त्याने लिहिले. त्याच्या बहिरेपणाचे कारण वय नव्हते. पण त्यानेही लोकांत जाणे टाळले होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार साठीपुढील ६५ टक्क्यांहून अधिक लोकांना कमीअधिक प्रमाणात ऐकू येत नाही. 'लॅन्सेट'च्या तज्ज्ञ मंडळाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाचा धोका वाढविणाऱ्या, पण टाळता किंवा कमी करता येण्याजोग्या १४ गोष्टी सांगितल्या. ऐकू कमी येणे ही त्यांतली एक आहे. म्हणून 'वय झालं, चालायचंच' असे म्हणून न थांबता कान तपासून घ्यावेत. श्रवणयंत्राने पूर्वीचा कान परत मिळत नाही. ते सवयीने अंगवळणी पडते.

बाकीचे काम मात्र यंत्राचे नाही, आपले आहे. समोर, उजेडात बसून बोलावे. मिक्सर, टीव्ही बंद करावा. आवाज न चढवता सावकाश बोलावे. एखादा शब्द कळला नाही तर तोच पुन्हा पुन्हा न म्हणता दुसरा वापरावा. 'पान वाढलंय' कळले नाही, तर 'जेवायला चला' म्हणावे.

आणि एक वाक्य कधीच म्हणू नये, जे मी कितीतरी वेळा म्हटले आहे. आजोबा विचारीत, "काय म्हणालीस?" आणि मी म्हणे, "काही नाही, जाऊ दे." माझ्या दृष्टीने ते खरेच काही नसे. पण चार माणसांच्या हसण्याचे कारण एकालाच सांगायचे नाही, म्हणजे त्याला त्या घरातून उठवण्यासारखेच आहे. आजोबा गप्पांतून आपण होऊन उठले नव्हते.

आता मी आधी त्यांच्यासमोर जाऊन बसते, मग बोलते. परवा त्यांनी विचारले, "काय म्हणालीस?" मी तीच क्षुल्लक गंमत दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगितली. या वेळी आजोबा आमच्याबरोबरच हसले.