बागेपर्यंत जाणारी वाट

‘रोज अर्धा तास चाला’ हा सल्ला मधुमेह, रक्तदाब, वाढलेले वजन किंवा गुडघेदुखीची तक्रार घेऊन दवाखान्यात गेलेल्या बहुतेकांना मिळतो. सल्ला योग्यच असतो. अडचण दवाखान्याबाहेर पडल्यावर सुरू होते. पदपथावर दुचाक्या लावलेल्या असतात, चौक ओलांडताना जीव मुठीत धरावा लागतो आणि बाग असली तरी तिथपर्यंत रिक्षाने जावे लागते. मग चार दिवस उत्साहाने चालणारा माणूस पाचव्या दिवशी घरी बसतो. दोष आळसाचा मानला जातो. पण तो अनेकदा रस्त्याचा असतो.

सिंगापूरने या प्रश्नाकडे तीसेक वर्षांपूर्वी वेगळ्या नजरेने पाहिले. जेमतेम ७३० चौरस किलोमीटरच्या या देशात जागेची टंचाई मुंबईसारखीच. प्रत्येक वस्तीत मोठी बाग करणे शक्य नव्हते. मग असलेल्या बागाच एकमेकींना जोडल्या तर? १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला या ‘पार्क कनेक्टर’ योजनेला आरंभ झाला. कलांग नदीच्या काठाने जाणारी वाट ही त्यातली अगदी सुरुवातीची. २००७मध्ये पूर्वेकडच्या बागा आणि समुद्रकिनारे जोडणारे ४२ किलोमीटरचे पहिले मोठे वर्तुळ पूर्ण झाले. आज हे जाळे तीनशे किलोमीटरच्या पुढे गेले आहे आणि २०३०पर्यंत ते पाचशे किलोमीटर करण्याचे उद्दिष्ट आहे. प्रत्येक घरापासून दहा मिनिटांच्या चालीवर बाग असावी, हेही त्याच आराखड्यात आहे.

जागा कुठून आली?

या योजनेतली सर्वांत हुशारीची गोष्ट म्हणजे तिच्यासाठी फारशी नवी जमीन लागली नाही. पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या कालव्यांच्या आणि मोठ्या नाल्यांच्या काठाला देखभालीसाठी मोकळी पट्टी सोडलेली असते. रस्त्यांच्या कडेलाही अशी राखीव जागा असते. एरवी गवत वाढलेल्या या पट्ट्यांवर चालण्या-सायकलीची वाट आणि बाजूने झाडे असा साधा मेळ घालण्यात आला. २०११मध्ये बंद झालेल्या मलायन रेल्वेचा २४ किलोमीटरचा मार्गही इमारतींना न देता चालणाऱ्यांसाठी राखला गेला. बिशान-आंग मो किओ बागेत तर कलांग नदीचा सरळसोट काँक्रीटचा कालवा काढून २०१२मध्ये तिला पुन्हा वळणावळणाचा, गवत-दगडांचा काठ देण्यात आला. पावसाळी पूर आला की बागेचाच काही भाग पाणी सामावून घेतो आणि पाणी ओसरले की तिथे पुन्हा मुले खेळतात.

शरीरात काय घडते?

सिंगापूरमध्ये २०१६मध्ये सरकारने मधुमेहाविरुद्ध ‘युद्ध’ जाहीर केले. तिथल्या भारतीय वंशाच्या लोकांना हा आजार अधिक सतावतो. २०१०च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत प्रौढ चिनी वंशीयांमध्ये मधुमेहाचे प्रमाण सुमारे १० टक्के, तर भारतीयांमध्ये सुमारे १७ टक्के आढळले होते. आपल्याकडच्या लोकांना तुलनेने कमी वजनातही मधुमेह गाठतो. त्यामुळे चालण्याची सोय ही आपल्यासाठी नुसती चैन नाही.

चालताना मांडीचे आणि पोटरीचे स्नायू आकुंचन पावतात. त्या वेळी स्नायूंच्या पेशींमधले साखर आत घेणारे वाहक पेशीच्या पृष्ठभागावर येतात आणि इन्सुलिनची वाट न पाहताही रक्तातली साखर आत ओढली जाते. इन्सुलिन असूनही ते नीट काम करत नाही, अशा रुग्णांसाठी म्हणूनच चालणे मोलाचे. जेवणानंतरचे दहा-पंधरा मिनिटांचे चालणेही जेवणानंतर चढणारी साखर आटोक्यात ठेवायला मदत करते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२०मध्ये प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाच्या हालचालीची शिफारस केली. सलग दहा मिनिटे तरी चालले पाहिजे, ही जुनी अट आता नाही. भाजी आणायला पाच मिनिटे, बसथांब्यापर्यंत सात मिनिटे, हेसुद्धा मोजले जाते. बागा जोडणाऱ्या वाटेचे महत्त्व इथेच आहे. सुटी बाग व्यायामासाठी ‘जाण्याची’ जागा असते. जोडलेली वाट मात्र शाळा, बाजार, स्टेशन यांच्याकडे जाता जाता वापरता येते. शिवाय वाट वाहत्या रस्त्यापासून थोडी जरी दूर असली, तरी वाहनांच्या धुरातले अतिसूक्ष्म कण झपाट्याने कमी होतात आणि झाडांच्या सावलीत उन्हाचा तडाखाही सौम्य होतो.

वाट बांधली म्हणजे लोक चालतात का?

याचे एक चांगले उत्तर ब्रिटनमधून मिळते. तिथे कार्डिफ, केनिलवर्थ आणि साउदॅम्प्टन या ठिकाणी नवे पूल आणि पायवाटा बांधून चालण्याचे-सायकलीचे मार्ग जोडण्यात आले आणि आसपासच्या रहिवाशांचा संशोधकांनी मागोवा घेतला. पहिल्या वर्षी मार्गाजवळ राहणाऱ्यांच्या हालचालीत काहीच फरक दिसला नाही. दुसऱ्या वर्षी मात्र चित्र बदलले. घर मार्गापासून जितके जवळ, तितके चालणे-सायकल चालवणे अधिक. एका किलोमीटरच्या जवळिकीमागे आठवड्याला सुमारे १५ मिनिटांची वाढ. एकूण शारीरिक हालचालही वाढली, म्हणजे लोकांनी दुसरा व्यायाम सोडून हा धरला असे झाले नाही. ज्यांच्याकडे मोटार नव्हती, त्यांच्यात हा फायदा अधिक दिसला. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा धडा सरळ आहे: सवय लागायला वेळ लागतो. उद्‌घाटनानंतर सहा महिन्यांत ‘कोणी वापरतच नाही’ म्हणून वाट मोडीत काढणे घाईचे ठरते.

अर्थात अडचणीही आहेत. एकाच वाटेवर आजी-आजोबा, बाबागाडी, धावणारे आणि वेगाने जाणारे सायकलस्वार आले की खटके उडतात. विजेवर चालणाऱ्या स्कूटरचे अपघात वाढल्यावर सिंगापूरने नोव्हेंबर २०१९पासून त्यांना पदपथावर बंदी केली. बागा जोडणाऱ्या वाटांवर त्यांना मुभा आहे, पण ताशी २५ किलोमीटरची मर्यादा पाळावी लागते. पडण्याची भीती वाटली की ज्येष्ठ नागरिक सर्वांत आधी घरी बसतात आणि चालण्याची सर्वाधिक गरज त्यांनाच असते. म्हणून वेगावर नियंत्रण, रात्रीचा उजेड, बसायला बाक आणि स्वच्छतागृह या गोष्टी वाटेइतक्याच महत्त्वाच्या.

आपल्या शहरांतही नाल्या-कालव्यांचे काठ आहेत. मुंबईत जुहू परिसरात इर्ला नाल्याच्या काठाने चालण्याची वाट करण्यासाठी नागरिक आणि वास्तुविशारद पी. के. दास यांनी प्रयत्न केले. पुण्यातून खडकवासल्याचा कालवा वाहतो. हे काठ कचऱ्याचे आणि अतिक्रमणाचे ठिकाण होणार की आरोग्याची वाट, हे ठरवण्याची वेळ शहराचा विकास आराखडा तयार होतानाच असते. त्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात तेव्हा ‘आमच्या दोन बागा जोडा’ ही मागणी कोणत्याही सोसायटीला किंवा ज्येष्ठ नागरिक संघाला करता येते.

तोवर घरापासून जवळच्या बागेपर्यंतचा कमी वर्दळीचा, गल्लीबोळांतला रस्ता शोधून ठेवावा. सुरुवात दहा मिनिटांनी करून दर आठवड्याला थोडे थोडे वाढवावे. इन्सुलिन किंवा साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी खिशात साखरेच्या दोन पुड्या ठेवाव्यात आणि तळपायाला जखम नाही ना, हे रोज पाहावे. चालताना छातीत दडपण आले, दम लागला किंवा चक्कर आली तर तिथेच थांबून डॉक्टरांना दाखवावे. उन्हाळ्यात सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर निघावे आणि शक्य असेल तर सोबतीला शेजारच्या कुणाला तरी घ्यावे. सोबत असली की पाचव्या दिवशीही पाऊल घराबाहेर पडते.