ज्योतीची साक्ष

शिकागो, टोरोंटो यांसारख्या शहरांत जानेवारी महिन्यांत पारा शून्याखालीं उतरतो व कित्येक दिवस वर येत नाहीं. अशा ठिकाणीं घर उबदार ठेवणारी गॅसची भट्टी ही चैनीची वस्तु नसून अन्नवस्त्राइतकीच गरजेची होय. ती कडाक्याच्या थंडींत बंद पडून राहिली, तर नळांतील पाणी गोठून फुगतें व नळ फुटतात. लहान मुलें व वृद्ध यांच्या जिवासही अपाय संभवतो. आपल्या पालकांपैकीं कित्येकांचीं मुलें त्या देशांत संसार थाटून आहेत व पालकही तेथें जाऊन राहतात. म्हणून या भट्टीचा एक नेहमीं आढळणारा विकार येथें समजावून सांगण्याचें योजिलें आहे.

विकार असा कीं, भट्टी पेटते, निळी ज्योत नीट दिसते आणि कांहीं सेकंदांतच विझते. थोड्या वेळानें पुन्हां पेटते, पुन्हां विझते. असे कांहीं प्रयत्न फसले म्हणजे यंत्र आपल्यास जणूं कुलूप लावून घेतें व घर थंड पडूं लागतें.

याचें कारण कळण्यास भट्टीचा क्रम ध्यानांत घ्यावा. खोलींतील थर्मोस्टॅटनें उष्णता मागितली कीं, प्रथम एक लहान पंखा धुराड्याच्या वाटेनें हवा वाहती करतो. मग इग्नायटर तापून लाल होतो, गॅसची झडप उघडते व बर्नर पेटतात. येथें यंत्रापुढें एक प्रश्न उभा राहतो. झडप तर उघडली. पण गॅस खरोखर पेटला आहे, कीं न जळतांच आंत सांचत आहे? सांचला, तर ठिणगीसरशी स्फोट व्हावयाचा. याचें उत्तर देण्याचें काम ज्योतींत धरलेल्या एका बारीक सळईकडे असतें. चिनीमातीच्या बैठकींत बसविलेल्या या सळईस फ्लेम सेन्सर म्हणतात.

ती उष्णता मोजीत असावी असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाहीं. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं प्रयोगशाळेंत पाहिलेंच असेल कीं, विद्युद्भारित सुवर्णपत्र विद्युद्दर्शकाजवळ पेटती काडी नेली तर फांकलेलीं पत्रें लागलींच मिटतात. ज्योतींत विद्युद्भारित कण मोकळे असतात व त्यांच्या योगें वीज वाहून जाते. तोच नियम येथें कामीं लाविला आहे. यंत्र सळईस उलटसुलट वाहणारी वीज पुरवितें. सळई लहान, आणि जमिनीशीं जोडलेला बर्नर तिच्या मानानें फार मोठा. त्यामुळें ज्योतींतून एका दिशेनें वीज अधिक वाहते, दुसऱ्या दिशेनें फारच थोडी. सळई चुकून लोखंडास टेकली, तर प्रवाह दोन्हीं दिशांनीं सारखा वाहतो, आणि यंत्र त्यास ज्योत समजत नाहीं. इतक्या साध्या साधनांतून एवढा पक्का साक्षीदार उभा करणाऱ्याचें कौतुक करावें तितकें थोडेंच! हा प्रवाह मात्र अति सूक्ष्म, बहुधा १ ते ६ मायक्रोअँपिअर. आणि १ मायक्रोअँपिअर म्हणजे एका अँपिअरचा दहा लक्षावा भाग.

आतां विकाराचें मूळ उघड होतें. वारंवार तापून सळईवर ऑक्साइडचा व मळाचा पातळ थर बसतो. घरांत वापरलेल्या पदार्थांतून सिलिकोनची वाफ ज्योतींत गेली, तर वाळूच्या जातीचा पापुद्राही धरतो. डोळ्यांस हा थर पुष्कळदां दिसत नाहीं, पण तो विजेस अडवितो. ज्योत समोर असूनही साक्ष पोंचत नाहीं, व यंत्र गॅस तोडतें. तें चुकत नाहीं. शंका आली म्हणून थांबतें.

उपाय सोपा आहे. भट्टीची वीज व गॅस दोन्हीं बंद करावीं. सळई बहुधा एकाच स्क्रूनें बसविलेली असते. ती काढून धातूचा भाग बारीक पोलादी काथ्यानें हलक्या हातानें घासावा व स्वच्छ फडक्यानें पुसावा. भरड पॉलिशपेपर वापरूं नये. त्याच्या ओरखड्यांत मळ लवकर बसतो. चिनीमातीस तडा गेला असेल तर सळई नवीच घालावी. इतक्यानें न भागल्यास तार सैल आहे काय, बर्नर गंजून ज्योत सळईपासून ढळली आहे काय, हें पाहावें. भट्टीची जमिनीशीं असलेली जोडणीही तपासावी. वीज परतण्याची वाट तीच, आणि नेमका तिचाच लोकांस विसर पडतो. ज्योत मुळींच पेटत नसेल, तर मात्र सळई निर्दोष; दोष इग्नायटर, झडप किंवा हवेच्या वाटेंत शोधावा.

कांहीं चतुर लोक सळईस चुकवून भट्टी चालविण्याची युक्ति शोधतात. याहून अविचाराचें कृत्य मला ठाऊक नाहीं. दुसरी सावधगिरीची खूण अशी: ज्योत प्रथम स्थिर जळते, पण घरांत ऊब सोडणारा मोठा पंखा सुरू होतांच फडफडते वा विझते. असें झालें तर आंतील उष्णता देणाऱ्या पत्र्यास तडा गेला असण्याचा संभव असतो, आणि त्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायु घरांत शिरूं शकतो. तेथें काथ्याचें काम नाहीं. भट्टी बंद ठेवून जाणत्या कारागिरास बोलवावें.

आपल्याकडील पुष्कळ गॅस गीझरांतही याच तत्त्वावर चालणारी बारीक सळई असते. तिला ज्योत आहे कीं नाहीं एवढेंच कळतें. कोंडलेल्या न्हाणींतील हवा विषारी झाली, हें तिला कळत नाहीं. म्हणून गीझर न्हाणीच्या बाहेर, उघड्या हवेंत बसवावा.