पाळीव टॅरंटुलाचें आयुष्य

कोळी म्हणजे वर्ष-दोन वर्षांचा पाहुणा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि भिंतीवर जाळें विणणाऱ्या घरगुती कोळ्यांपुरती ती बरीचशी खरीही आहे. परंतु टॅरंटुला नांवाचे जे मोठे केसाळ कोळी अमेरिकेंत व युरोपांत कांचेच्या पेटींत हौसेनें पाळले जातात, त्यांचा हिशेब निराळा आहे. असा कोळी किती वर्षें जगेल, हें ‘नर कीं मादी?’ असा उलट प्रश्न केल्याविना सांगतां येत नाहीं. मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्याकडील तांबड्या गुडघ्यांच्या जातीची मादी नीट सांभाळल्यास २० वर्षें, क्वचित् ३० वर्षेंही जगते. नर सहसा तिच्या निम्मींही वर्षें पाहत नाहीं. शाळकरी मुलाच्या हट्टासाठीं आणलेली मादी तो नोकरीला लागला तरी पेटींतच असते, आणि तिची उठाठेव बहुधा आईच्या गळ्यांत पडलेली असते!

या भेदाचें मूळ कात टाकण्यांत आहे. कोळ्याला हाडें नसतात. अंगावरील ताठर कवच हाच त्याचा सांगाडा. तें वाढत नाहीं, म्हणून तें टाकून द्यावें लागतें. त्या वेळीं टॅरंटुला पाठीवर उताणा पडतो आणि कांहीं तासांनीं जुन्या कवचांतून मऊ अंगानें बाहेर येतो. नवशिका मालक तो मेला असें समजून त्याला टोचून पाहतो. याहून घातुक उपचार दुसरा नाहीं. मरणारा टॅरंटुला बहुधा उताणा पडत नाहीं, पाय पोटाखालीं आवळून बसतो.

मादी वयांत आल्यावरही कात टाकीतच राहते. झिजलेलें कवच नवें होतें, तुटलेला पायही हळूहळू पुन्हां येतो. नराची वयांत येतांनाची कात बहुतेक शेवटचीच. त्या वेळीं त्याच्या तोंडाजवळील आंखूड अवयवांच्या टोंकांना वीर्य वाहून नेणारीं बोंडें येतात. पुढें त्यानें पुन्हां कात टाकूं म्हटलेंच, तर तीं अडकून तो प्राणास मुकतो. आर्कान्सास विद्यापीठाचे विल्यम बेअर्ग यांनीं तिकडील टॅरंटुला वर्षानुवर्षें पाळून अभ्यासिले. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९५८ सालीं निघाला. त्या जातीच्या नराला वयांत येण्यासच सुमारें १० वर्षें लागतात, आणि त्यानंतर त्याचे थोडेच महिने उरतात.

मालकाच्या लाडानेंही आयुष्य घटतें. उबेंत ठेवून सारखें खाऊं घातलें कीं कोळी झपाट्यानें वाढतो. नर असल्यास तितक्याच झपाट्यानें संपतो. उपास मात्र त्याला सोसतो. प्रौढ मादी कित्येक महिने अन्नावांचून राहते, फक्त पाणी हवें. खरें भय पडण्याचें. पोट इतकें नाजूक कीं थोड्या उंचीवरून पडल्यानेंही फुटतें. कात टाकतांना पेटींत एखादा रातकिडा राहिला, तर भक्ष्यच भक्षकाला कुरतडतें.

जी जात इतक्या सावकाश वाढते, तिची लूट भरून येण्यासही तितकाच काळ लागतो. तांबड्या गुडघ्यांच्या कोळ्यांची रानांतून फार धरपकड झाल्यामुळें १९८५ सालीं त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आलें. भारत व श्रीलंका येथील झाडांवर राहणाऱ्या पोइसिलोथेरिया वंशावर तें २०१९ सालीं आलें; त्या वंशांतील एक देखणी जात सह्याद्रीच्या परिसरांतील झाडांच्या ढोलींत राहते. म्हणून जाणते हौशी लोक पेटींतच निपजलेलें पिलूं घेतात. तें नर आहे कीं मादी, हें मात्र लगेच कळत नाहीं. तें बरेंच वाढल्यावर टाकलेली कात पाण्यांत भिजवून, उलगडून, भिंगाखालीं तपासावी लागते.